सायकलीसोबत कुत्र्याला धावविणे

सायकलीसोबत कुत्र्याला धावविणे हा पाळीव कुत्र्याला व्यायाम देण्याचा एक प्रकार आहे. यात सायकलस्वार संथ गतीने सायकल चालवितो आणि पट्ट्याने जोडलेला कुत्रा सायकलीच्या बाजूने धावतो. रोजच्या पायी फेरीने ज्यांची गरज भागत नाही अशा मध्यम व मोठ्या आकाराच्या, चपळ कुत्र्यांसाठी हा व्यायाम उपयुक्त मानला जातो.

या व्यायामात श्रमांची वाटणी असमान असते. चाकांमुळे स्वाराचे श्रम कमी होतात. कुत्रा मात्र सगळे अंतर स्वतःच्या पायांनी कापतो. वेग, अंतर आणि थांबण्याची वेळ या तिन्ही गोष्टी स्वार ठरवितो. मालकाची सोबत सुटू नये म्हणून अनेक कुत्री दमल्यानंतरही धावत राहतात. त्यामुळे कुत्रा धावतो आहे, म्हणजे त्याला झेपते आहे, असा निष्कर्ष काढता येत नाही. सुरक्षिततेचे बहुतेक नियम याच वस्तुस्थितीतून आलेले आहेत.

संबंधित प्रकार

बाइकजोरिंग या क्रीडाप्रकारात कुत्रा सायकलीच्या पुढे धावतो आणि तिला ओढतो. बर्फावर कुत्र्याने स्कीवरील माणसाला ओढण्याच्या स्कीजोरिंग या प्रकाराशी त्याचे नाते आहे. माणूस स्वतः धावत असेल आणि त्याच्या कमरेला बांधलेला कुत्रा पुढे धावत असेल, तर त्या प्रकाराला कॅनिक्रॉस म्हणतात. प्रस्तुत प्रकारात ओढणे अपेक्षित नसते. कुत्रा बाजूने धावतो आणि पट्टा सैल राहतो.

कुत्र्याची योग्यता

पिल्लांच्या हाडांच्या टोकांशी वाढीच्या कूर्चा असतात. मध्यम व मोठ्या जातींत त्या साधारणतः 12 ते 18 महिन्यांच्या वयापर्यंत पक्क्या होतात. अतिशय मोठ्या जातींत याहून अधिक काळ लागतो. त्याआधी कठीण रस्त्यावर दीर्घकाळ एकसारखे धावविल्यास सांध्यांना इजा होण्याचा धोका असतो.

पग, बुलडॉग, शिह त्झू यांसारख्या चपट्या नाकाच्या जातींचा श्वसनमार्ग अरुंद असल्याने त्यांना हा व्यायाम देऊ नये. आखूड पायांचा डॅशहाउंड आणि अवजड शरीराचा सेंट बर्नार्ड हेही यासाठी योग्य नाहीत. जर्मन शेफर्ड व लॅब्राडोर या जातींत खुब्याच्या सांध्याचा आनुवंशिक दोष आढळतो, म्हणून आरंभापूर्वी पशुवैद्याकडून तपासणी करून घेणे इष्ट असते. स्थूल, वृद्ध किंवा हृदयविकार असलेल्या कुत्र्यांना हा व्यायाम वर्ज्य आहे.

महाराष्ट्रात गोचिडांमुळे होणारे ताप कुत्र्यांत सर्रास आढळतात. या आजारांत रक्तक्षय होतो. वरवर बरा दिसणारा कुत्राही अशा वेळी थोड्या श्रमाने कोसळू शकतो. आजारातून उठलेल्या कुत्र्याला पशुवैद्याच्या संमतीनंतरच धावविण्यास सुरुवात करावी.

चाल आणि वेग

कुत्रा दीर्घकाळ टिकवू शकतो ती चाल म्हणजे दुडकी. या चालीत समोरासमोरचे तिरपे पाय, म्हणजे पुढचा डावा व मागचा उजवा, एकाच वेळी उचलले जातात. चौखूर धावणे हे थोड्या अंतरासाठी असते. सायकलीचा वेग कुत्र्याच्या दुडक्या चालीइतकाच असावा. कुत्रा चौखूर धावू लागला, तर वेग जास्त झाला आहे असे समजावे.

या व्यायामाचे नियमबद्ध रूप जर्मनीतील कुत्र्यांच्या सहनशक्ती परीक्षेत पाहावयास मिळते. जर्मन शेफर्ड हा मुळात मेंढ्यांच्या कळपाभोवती दिवसभर दुडक्या चालीने फिरणारा कुत्रा. त्या जातीच्या पैदाशीसाठी कुत्र्यांची निवड करताना ही परीक्षा घेतली जाते. तीत कुत्र्याला सायकलीच्या बाजूने ताशी 12 ते 15 किलोमीटर वेगाने 20 किलोमीटर अंतर कापावे लागते. पहिल्या 8 किलोमीटरनंतर 15 मिनिटांची, तर पुढील 7 किलोमीटरनंतर 20 मिनिटांची विश्रांती असते. विश्रांतीच्या वेळी परीक्षक कुत्र्याचा थकवा व पंजे पाहतो. अतिशय दमलेला किंवा पंजे सोललेला कुत्रा बाद होतो. परीक्षेसाठी कुत्रा किमान 16 महिन्यांचा असावा लागतो आणि हवेचे तापमान 22 अंश सेल्सिअसपेक्षा अधिक असू नये, असा दंडक आहे. हे अंतर पूर्वतयारी झालेल्या निरोगी कुत्र्यासाठी आहे. घरगुती व्यायामाचे ते प्रमाण नव्हे.

उष्णतेचा धोका

या व्यायामातील सर्वांत गंभीर धोका उष्माघाताचा आहे. माणसाचे शरीर घामावाटे थंड होते. कुत्र्याच्या घामाच्या ग्रंथी मुख्यतः पंजांच्या तळव्यांत असल्याने त्याला धापा टाकून, म्हणजे तोंड व श्वसनमार्गातील ओलाव्याचे बाष्पीभवन करून, उष्णता बाहेर टाकावी लागते. सायकलस्वाराला समोरून वारा लागत असल्याने त्याला उकाडा जाणवत नाही. त्याच वेळी जमिनीलगत धावणारा कुत्रा तापलेल्या रस्त्याची धग सोशीत असतो. कोकणासारख्या दमट प्रदेशात बाष्पीभवन मंदावते, त्यामुळे तापमान फार नसतानाही धोका राहतो. जर्मन परीक्षेतील 22 अंशांची मर्यादा लक्षात घेतली, तर महाराष्ट्राच्या अनेक भागांत मे महिन्यातील पहाटही या व्यायामास योग्य ठरत नाही. हिवाळ्यातील सकाळ ही त्यासाठी उत्तम वेळ होय.

निरोगी कुत्र्याचे शारीरिक तापमान सुमारे 38 ते 39 अंश सेल्सिअस असते. ते 41 अंशांच्या वर गेल्यास अवयवांना इजा होऊन मृत्यू ओढवू शकतो. जीभ रुंद होऊन बाहेर लोंबणे, धापा न थांबणे, हिरड्या गडद लाल होणे, घट्ट लाळ गळणे, पावले अडखळणे आणि उलटी होणे ही उष्माघाताची लक्षणे आहेत. अशा वेळी कुत्र्याला सावलीत न्यावे, अंगावर थंड पाणी ओतत राहावे, वारा घालावा आणि मग त्वरित पशुवैद्याकडे न्यावे. अंगावर ओले फडके पांघरून ठेवू नये, कारण त्याखाली उष्णता कोंडते. बेशुद्ध कुत्र्याच्या तोंडात पाणी घालू नये.

डांबरी रस्ता तापलेला असल्यास पंजांच्या गाद्या भाजतात. तळहाताची मागील बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवता येत नसेल, तर तो रस्ता कुत्र्यासाठीही तापलेला आहे, असा ढोबळ नियम सांगितला जातो. शक्य तेथे मातीची वाट निवडावी.

साधने

गळपट्ट्याला दोरी जोडून कुत्र्याला सायकलीसोबत धाववू नये. धक्का बसल्यास सर्व ताण गळ्यावर व श्वासनलिकेवर येतो. त्याऐवजी छातीभोवती बसणारा आणि खांदे मोकळे ठेवणारा हार्नेस वापरावा.

दोरी हँडलला बांधणे किंवा मनगटाभोवती गुंडाळणे ही सर्वाधिक आढळणारी व सर्वाधिक घातक सवय आहे. कुत्र्याने मांजरामागे झेप घेतल्यास हँडल वळते, पुढचे चाक आडवे होते आणि स्वार पडतो. तोच हिसका सीटखालच्या नळीला किंवा मागच्या चाकाच्या आसाजवळ बसल्यास सायकल व स्वार यांचे वजन तो पेलून धरते. या कारणाने सायकलीला बसविण्याचे खास दांडे मिळतात. त्यांतील स्प्रिंग धक्का शोषून घेते आणि दांड्यामुळे कुत्रा चाकापासून दूर राहतो. गुंडाळला जाणारा लांब पट्टा वापरू नये, कारण त्याची बारीक दोरी चाकाच्या तारांत अडकते. जोडणी एका झटक्यात सुटणारी असावी.

सायकलीचे दोन्ही ब्रेक चांगले असावेत आणि सीटवर बसून पाय जमिनीला टेकावेत. स्वाराने हेल्मेट घालावे. अंधुक प्रकाशात दिवा व कुत्र्याच्या अंगावर चमकणारी पट्टी आवश्यक आहे.

सराव

प्रथम सायकल हाताने ढकलीत कुत्र्याला तिच्या बाजूने चालवावे. चाकांच्या आवाजाची भीती गेल्यावर मोकळ्या मैदानात काही मिनिटे सायकल चालवून पाहावी. ‘थांब’, ‘हळू’ आणि ‘सोड’ या आज्ञा कुत्र्याला आधीपासून अवगत असाव्यात. आरंभीचे अंतर एक-दोन किलोमीटरपेक्षा अधिक नसावे व ते काही आठवड्यांत क्रमाने वाढवावे. पंजांच्या गाद्याही हळूहळूच राठ होतात.

प्रत्येक फेरीच्या आधी व नंतर कुत्र्याला काही मिनिटे चालवावे. भरपेट खाल्लेल्या कुत्र्याला धाववू नये; मोठ्या जातींत जठर फुगून त्याला पीळ बसण्याचा प्राणघातक विकार संभवतो. पाणी वाटेत थोडे थोडे पाजावे.

धावताना सर्वांत विश्वसनीय खूण पट्ट्याची असते. पट्टा सैल असेल तर वेग योग्य आहे. तो मागच्या बाजूला ताणला गेला, म्हणजे कुत्रा मागे पडत आहे. त्या क्षणी वेग कमी न करता थांबावे.

रस्त्यावरील धोके

भारतात वाहने डावीकडून चालतात, म्हणून कुत्रा सायकलीच्या डाव्या बाजूस ठेवावा. त्यामुळे वाहने व कुत्रा यांच्यामध्ये सायकल राहते. जर्मनीत याच कारणाने तो उजव्या बाजूस असतो. कारवान किंवा मुधोळ यांसारखे नजरेने शिकार हेरणारे कुत्रे हलत्या सावजामागे अचानक झेपावतात, हे त्यांच्या मालकांनी विशेष ध्यानात ठेवावे.

भटकी कुत्री आपल्या हद्दीतून जाणाऱ्या परक्या कुत्र्यावर धावून येतात. अशा वेळी वेग वाढवू नये. बांधलेल्या कुत्र्याला पळता येत नाही आणि स्वतःचा बचावही करता येत नाही. सायकलीवरून उतरून, सायकल आड धरून शांतपणे चालत पुढे जावे. रेबीजची लस दिलेली असणे अनिवार्य समजावे. पावसाळ्यात डबक्यांतील पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचा संसर्ग होऊ शकतो, शिवाय ओले ब्रेक उशिरा लागतात.

कायदा

याविषयी निरनिराळ्या देशांत निरनिराळे नियम आहेत. जर्मनीच्या रस्ते वाहतूक नियमावलीनुसार मोटार वाहनातून प्राण्यांना सोबत चालविणे निषिद्ध असून सायकलीवरून केवळ कुत्र्याला सोबत चालविता येते. इटलीच्या वाहतूक संहितेने मात्र सायकलस्वारांना कोणताही प्राणी सोबत चालविण्यास मनाई केली आहे.

भारतात प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या अधिनियमातील कलम 11 नुसार प्राण्याला अनावश्यक वेदना होतील अशा रीतीने अतिरेकी दामटणे हा अपराध आहे. आपल्या ताब्यातील प्राण्यामुळे माणसांना इजा होऊ नये याची पुरेशी दक्षता न घेणे हा भारतीय न्याय संहिता, 2023 मधील कलम 291 अन्वये अपराध ठरतो. त्यामुळे कुत्र्याला होणारे क्लेश आणि त्याच्यापासून इतरांना होणारी इजा या दोन्ही बाबतींत कायदेशीर उत्तरदायित्व येऊ शकते.