खर्जाचा कैवारी : जॅक ब्रूस

वाद्यवृंदांत ज्याचा सूर सर्वांत खालचा, त्याचें नांव श्रोते बहुधा सर्वांत शेवटीं घेतात. गाणाऱ्याचा गळा लक्षांत राहतो, गिटारवरील तान लक्षांत राहते. पण ज्या खर्जाच्या आधारावर हें सारें उभें असतें, तो थांबेपर्यंत कोणास जाणवतहि नाहीं. हा खर्ज सांभाळणाऱ्या एका वादकाची हकीकत आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों. स्कॉटलंडांत जन्मलेल्या जॅक ब्रूस यानें हें दुर्लक्षित काम पत्करिलें आणि तें न सोडतां आपल्या वाद्यास बोलकें केलें.

प्रथम त्या वाद्याची ओळख करून घेऊं. बेस गिटारला सामान्यतः चार जाड तारा असतात, व त्या साध्या गिटारच्या खालच्या चार तारांहून एक सप्तक खालीं लाविलेल्या असतात. तार जाड व लांब असली म्हणजे ती सावकाश कंप पावते आणि सूर खालीं जातो. साध्या गिटारच्या सर्वांत खालच्या तारेचीं सेकंदास सुमारें ८२ कंपनें होतात, तर बेसच्या खालच्या तारेचीं सुमारें ४१. पूर्वीं हें काम पुरुषभर उंचीचा, उभ्यानें वाजवावयाचा डबल बेस करीत असे. १९५१ सालीं अमेरिकेंत लिओ फेंडर यानें गळ्यांत अडकवितां येईल अशी आणि विजेच्या साह्यानें नाद मोठा करितां येईल अशी बेस गिटार विक्रीस आणली, तेव्हां त्या जुन्या वाद्याची मोठी अडचण दूर झाली.

बेसकडे मुख्यतः दोन कामें असतात. एक, ढोलवादकाच्या संगतीनें लय धरणें. दुसरें, ज्या वेळीं जो स्वरसमूह चालू असेल त्याचा मूळ स्वर खालून देणें. आपला तंबोरा षड्ज धरून बसतो. बेसचा पाया मात्र गाण्याबरोबर सरकत असतो. म्हणूनच बेसवाल्याचा एक स्वर चुकला तर वरचे निर्दोष स्वरहि बेसूर भासूं लागतात. इतकी जबाबदारी ज्याच्यावर, त्यानें स्वतःच्या मनाचें कांहीं वाजवावें कीं नाहीं, हाच ब्रूसच्या आयुष्यांतील मुख्य प्रश्न होता.

ब्रूसचा जन्म १४ मे १९४३ रोजीं ग्लासगो शहराजवळील बिशपब्रिग्ज येथें झाला. आईबापांना संगीताची आवड होती. मुलगा चेलो शिकला व शिष्यवृत्ति मिळवून ग्लासगो येथील रॉयल स्कॉटिश अकॅडमी ऑफ म्युझिक या संस्थेंत दाखल झाला. परंतु संध्याकाळीं तो जॅझ वाजवूं लागला. जॅझ म्हणजे विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेंतील कृष्णवर्णीय समाजांत उदयास आलेलें संगीत. आपला गवई बंदिशीच्या आधारें जसा विस्तार करितो, तसा जॅझचा वादक ठरलेल्या चालीवर त्या त्या क्षणीं सुचेल तें रचीत जातो. संस्थेस हें रुचलें नाहीं. दोहोंपैकीं एक निवडण्याची पाळी आली, तेव्हां त्यानें संस्था सोडली.

येथें पालकांच्या कपाळास आठी पडेल, व ती अगदींच अस्थानीं म्हणतां येणार नाहीं. तथापि ब्रूसनें संस्था सोडली तरी तेथील विद्या टाकली नाहीं, हें लक्षांत घेतलें पाहिजे. बाखच्या रचनांत खालचा सूर केवळ टेकू नसतो. त्यास स्वतःची चाल असते, व ती वरच्या चालीशीं जणूं संवाद करीत असते. बाखविषयींचा आदर ब्रूसनें आयुष्यभर बाळगला, आणि त्याचें बेसवादन ऐकतांना त्या शिक्षणाचा माग सहज लागतो.

१९६२ सालीं तो लंडनमध्यें अ‍ॅलेक्सिस कॉर्नर याच्या 'ब्लूज इन्कॉर्पोरेटेड' या वृंदांत आला. पुढें ग्रॅहॅम बाँड याच्या वृंदांत जिंजर बेकर हा ढोलवादक त्याचा सोबती होता. या काळांत ब्रूसनें डबल बेसबरोबर विजेची बेस गिटार हातीं घेतली. मात्र बेकरची तक्रार अशी कीं, हा बेसवाला फार स्वर वाजवितो. वाद विकोपास गेला, आणि १९६५ सालीं ब्रूसला तो वृंद सोडावा लागला. खर्जवाल्यानें आपली पायरी ओळखून राहावें, असाच त्या तक्रारीचा मथितार्थ होता.

पण पुढच्याच वर्षीं बेकर व गिटारवादक एरिक क्लॅप्टन नवा वृंद काढूं लागले, तेव्हां ब्रूस हवाच असा आग्रह क्लॅप्टननें धरला. अशा रीतीनें १९६६ सालीं 'क्रीम' हा तिघांचा वृंद निघाला. क्रीम म्हणजे साय. निवडक वादकांचा म्हणून हें नांव. तिघेच असल्यामुळें गिटारची तान चालू झाली म्हणजे तिच्याखालची सारी पोकळी बेसलाच भरावी लागे. जो दोष म्हणून सांगितला होता, त्याचीच येथें गरज पडली! बहुतेक गाणीं ब्रूसच गाई. गळ्यानें एक चाल आणि बोटांनीं दुसरी, हें काम किती अवघड आहे तें करून पाहणारासच कळेल. त्याची गिब्सन कंपनीची ईबी-३ ही बेस आखूड तारांची होती. तार ओढून तो तिच्यांतून मींड काढी. १९६७ सालचें 'सनशाइन ऑफ युअर लव्ह' हें प्रसिद्ध गाणें तर खर्जांतल्या एका छोट्या स्वरावलीवरच उभें आहे. जिमी हेंड्रिक्स याचें वादन ऐकून आल्यावर ती ब्रूसला सुचली.

या वृंदाचें आयुष्य अल्प ठरलें. ध्वनिवर्धक वाढत गेले, प्रत्येकजण दुसऱ्यावर आवाज चढवूं लागला. एका कार्यक्रमांत आपण वाजविणें थांबविलें तरी इतर दोघांना तें कळलें नाहीं, असें क्लॅप्टननें पुढें सांगितलें आहे. एकमेकांचें ऐकणें संपलें तेथें संगीतहि संपतें. २६ नोव्हेंबर १९६८ रोजीं लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्यें क्रीमनें निरोप घेतला.

कीर्तीच्या शिखरावर असतां ब्रूस पुन्हा जॅझकडे वळला. १९७० सालीं तो टोनी विल्यम्स याच्या 'लाइफटाइम' वृंदांत सामील झाला. तेथें जॉन मॅक्लॉक्लिन त्याचा सहकारी होता. याच मॅक्लॉक्लिननें पुढें मुंबईचे तबलावादक झाकीर हुसेन यांजबरोबर 'शक्ति' हा वृंद उभारला.

ब्रूसच्या चरित्राची काळी बाजूहि झांकून ठेवणें योग्य नव्हे. मादक पदार्थांच्या व्यसनानें त्याचीं उमेदीचीं कित्येक वर्षें नासलीं. २००३ सालीं यकृताच्या कर्करोगामुळें त्याच्यावर यकृतरोपणाची शस्त्रक्रिया झाली व तो मरणाच्या दारांतून परतला. मे २००५ मध्यें त्याच अल्बर्ट हॉलमध्यें ते तिघे पुन्हा एकत्र वाजवूं शकले. २०१४ सालीं त्याचा 'सिल्व्हर रेल्स' हा गीतसंग्रह निघाला, आणि २५ ऑक्टोबर रोजीं वयाच्या ७१ व्या वर्षीं त्याचें निधन झालें.

विद्यार्थ्यांनीं एक प्रयोग अवश्य करून पाहावा. मार्च १९६८ मध्यें सॅन फ्रॅन्सिस्को येथें ध्वनिमुद्रित झालेलें क्रीमचें 'क्रॉसरोड्स' मिळवून प्रथम नेहमींप्रमाणें ऐकावें. मग दुसऱ्यांदा ऐकतांना क्लॅप्टनच्या गिटारवरून कान काढून तो केवळ खालच्या सुरावर ठेवावा. तो सूर क्षणभरहि स्वस्थ बसत नाहीं, आणि तरीहि लय सोडीत नाहीं, असें दिसून येईल. ज्याच्यावर इतरांचा भार आहे त्यालाहि स्वतःचें कांहीं सांगावयाचें असतें. तें भार न टाकतां कसें सांगावें, हें त्या चार मिनिटांत ऐकावयास मिळतें.