पांढरा ठिपका दिसण्याआधी

कडधान्याच्या किडीवर घरगुती उपाय किती, तर कडुनिंबाचा पाला, निंबोळीची भुकटी, वेखंड, बिबे, चुलीतली राख, एरंडेल. कोणता चांगला यावर हिरिरीने वाद होतात. तो घालायचा कधी, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं.

चवळीचा एक दाणा भिंगाखाली धरा. सालीवर चिकटलेला खसखशीहून बारीक, पारदर्शक ठिपका म्हणजे भुंग्याचं ताजं अंडं. तोच ठिपका दुधाळ पांढरा झाला असेल तर अळी कवचाच्या तळातून थेट दाण्यात शिरलेली असते आणि मागे उरलेल्या कवचात तिने कोरलेला भुसा भरलेला असतो. पुढचे तीन-चार आठवडे ती आतच खाते, आतच कोष करते आणि गोल झाकण ढकलून भुंगा होऊन बाहेर पडते. बाहेर आलेल्या भुंग्याला खायची गरज नसते. मादी थोड्याच दिवसांत पन्नास ते शंभर अंडी घालून मरते.

म्हणजे भुकटीच्या टप्प्यात येतात ती अंडी आणि बाहेर फिरणारे भुंगे. आतल्या अळीला तिचा पत्ताही लागत नाही.

कडुनिंबाचं नाव झालं ते खाणाऱ्या किडींमुळे. 1962 साली दिल्लीत टोळधाड आली तेव्हा भारतीय कृषी संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी निंबोळीच्या गराचं पाणी पिकावर फवारलं, आणि टोळांनी त्या पिकाला तोंड लावलं नाही. पण न खाणाऱ्या भुंग्याला कडू चवीचं काय? इथे काम करतं ते मुख्यतः गरातलं तेल. अंड्यावर त्याचा पातळ थर बसला की आतला जीव गुदमरतो. म्हणूनच पोत्याच्या तळाशी पाला घालण्यावर माझा फारसा विश्वास नाही. पाल्यात गरासारखं तेल नसतं, आणि तो ओलसर राहिला तर धान्यालाच ओल धरते. क्विंटलभर बियाण्याला एक-दोन किलो गराची भुकटी, हे प्रमाण बरं.

वेखंड याहून जालीम. त्यातल्या असॅरोनमुळे भुंग्याची अंडी घटतात, प्रजननही बिघडतं. क्विंटलला किलोभर पुरतं. मात्र बाळगुटीत उगाळतात तेच हे वेखंड अमेरिकेने 1968 साली खाद्यपदार्थांत वापरायला बंदी केली, कारण उंदरांवरच्या प्रयोगांत गाठी आढळल्या. तेव्हा वेखंड बियाण्याला लावावं, आमटीच्या तुरीला नको. बिबा उततो, म्हणून लहान मुलांच्या घरात तोही नको. राख दाण्यांमधल्या फटी बुजवून भुंग्याची वाट अडवते, पण त्यासाठी ती भरपूर लागते, आणि गॅसच्या शेगडीत राख कुठली?

खायच्या कडधान्याला त्यापेक्षा किलोमागे चमचाभर गोडं तेल किंवा एरंडेल चोळावं. डाळ भरडून ठेवणं तर सगळ्यात सोपं, कारण डाळीवर भुंगा नीट पोसत नाही.

खरी अडचण अशी, की भुंगा शेतातूनच येतो. वाळत आलेल्या शेंगांवर अंडी पडतात आणि खळ्यावरून घरी येईपर्यंत काही अळ्या दाण्यात पोचलेल्या असतात. म्हणून मळणी झाली की दाणा दाताखाली कट्कन फुटेपर्यंत कडक उन्हात वाळवावा, गार करावा आणि त्याच दिवशी भुकटी चोळावी. महिन्याभराने डबा उघडून पांढरे ठिपके दिसले, तर वेखंडाच्या मागे न लागता ते धान्य हवाबंद पिशवीत घालावं. आत कोंडलेला प्राणवायू संपतो आणि दाण्यातली अळीही मरते. चवळीसाठी अशा तीनपदरी पिशव्या पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत रुजल्या त्या याच कारणाने.