उच्च प्राथमिक स्तरावरील विद्यार्थी, कुटुंब आणि शालेय समुपदेशन : समुद्रपूर तालुक्याच्या संदर्भात एक विवेचन

बीजसंज्ञा : शालेय समुपदेशन, उच्च प्राथमिक स्तर, कुटुंब, संदर्भसेवा, केंद्रशाळा

प्रस्तावना :

शालेय समुपदेशन म्हटले की दहावीनंतर कोणती शाखा निवडावी, हाच प्रश्न आपल्यासमोर प्रथम उभा राहतो. महाराष्ट्र शासनाने २०१६ पासून काही वर्षे घेतलेली कल चाचणीही दहावीच्याच विद्यार्थ्यांसाठी होती. परंतु समुपदेशनाची निकड त्याआधीच, सहावी ते आठवीच्या काळात निर्माण झालेली असते. साधारणतः ११ ते १४ या वयात शरीर बदलते, सवंगड्यांचे मत मोलाचे वाटू लागते आणि घरातील आर्थिक ओढाताण मुलाला समजू लागते. शाळेतील अनियमितता याच वयात वाढीस लागते. या वयोगटात समुपदेशक नेमके काय करतो, कुटुंबाला त्याचा आधार कसा मिळतो आणि ग्रामीण भागात ही व्यवस्था कशी उभी राहू शकेल, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

स्थानिक पार्श्वभूमी :

समुद्रपूर हा वर्धा जिल्ह्यातील प्रामुख्याने कापूस, सोयाबीन व तूर पिकविणारा तालुका होय. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर २००६ मध्ये विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांचे विशेष पॅकेज जाहीर झाले, त्यांत वर्धा जिल्ह्याचा समावेश होता. पिकाचा भाव, कर्ज आणि पाऊस हे येथील मुलांसाठी भूगोलाच्या पुस्तकापुरते विषय नाहीत. ते रोजच्या जेवणाच्या पंगतीत बसलेले असतात. लहान गावातील शाळेचे वर्ग संपले की मुलांना समुद्रपूर, गिरड, मांडगाव, नंदोरी यांसारख्या मोठ्या गावांत जावे लागते. ज्या गुरुजींना मुलाचे सारे घर ठाऊक होते, ते मागे राहतात. नव्या शाळेत तो हजेरीपटावरील एक नाव असतो.

याच जिल्ह्यात १९३७ मध्ये भरलेल्या वर्धा शिक्षण परिषदेतून पुढे आलेली नई तालीम ७ ते १४ या वयोगटाचाच विचार करीत होती आणि शाळेला भोवतालच्या जीवनापासून वेगळे मानीत नव्हती. समुपदेशनाचा विचार त्या सूत्राशी सुसंगत आहे.

समुपदेशकाची कार्यपद्धती :

उपदेश आणि समुपदेशन यांत मूलभूत भेद आहे. उपदेशात सांगणारा बोलतो. समुपदेशनात ज्याची अडचण आहे तो बोलतो. हे स्पष्ट होण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ.

सातवीतील एक मुलगा दिवाळीनंतर आठवड्यातून दोन-तीन दिवस गैरहजर राहू लागतो. वर्गात आला तरी भांडतो, गृहपाठ अपुरा ठेवतो. शिक्षकांच्या दृष्टीने तो उनाड झालेला आहे. समुपदेशक प्रथम हजेरीपट पाहतो. गैरहजेरी कापूस वेचणीच्या हंगामात वाढलेली दिसते. वेचणीची मजुरी किलोच्या हिशेबाने मिळते. त्यामुळे लहान हातांचीही कमाईत भर पडते. येथवरचा अंदाज कोणीही बांधू शकेल.

दुसरी पायरी ऐकण्याची. ‘शाळेत का येत नाहीस?’ या प्रश्नाला मूल निमित्त सांगते. ‘दिवसभर घरी काय काय करतोस?’ असे विचारले असता वेगळे उत्तर मिळते. आई वेचणीला जाते; वडील कोणाशी बोलत नाहीत, रात्री झोपत नाहीत; आणि त्यांना एकटे सोडू नये म्हणून मुलगा घरी थांबतो. म्हणजे तो मजुरीसाठी नव्हे, राखणीसाठी शाळा बुडवीत आहे. त्याच्या चिडचिडेपणाचे मूळ भीतीत आहे. अशा मुलाला शिक्षा केल्यास ती कायद्याच्या विरुद्ध ठरतेच. शिवाय त्याच्या बोलण्याची एकमेव वाट बंद होते.

तिसरी पायरी कुटुंबाची. येथे साहाय्याची गरज केवळ मुलाला नाही, हे ओळखून समुपदेशक घरी जातो. तो वडिलांवर उपचार करीत नाही. ते त्याचे क्षेत्र नव्हे. तो आईशी बोलतो, धोक्याची लक्षणे समजावतो आणि फवारणीची औषधे घरात कोठे ठेवली आहेत, हे विचारतो. ती कुलपात वा घराबाहेर सुरक्षित ठेवणे, ही साधी कृती जीव वाचवू शकते. जिवाचे काही बरेवाईट करण्याची भाषा कानी आल्यास वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते.

चौथी पायरी संदर्भसेवेची. आशा स्वयंसेविका, ग्रामीण रुग्णालय, शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी २०१५ मध्ये सुरू झालेला प्रेरणा प्रकल्प, तसेच २०२२ पासूनची ‘टेली-मानस’ ही १४४१६ क्रमांकाची सेवा यांपैकी योग्य ठिकाणी कुटुंबाला जोडून देणे अभिप्रेत आहे. नुसता क्रमांक लिहून देणे म्हणजे जोडणे नव्हे. सेवाग्राम वा सावंगी (मेघे) येथील रुग्णालयात जाणे म्हणजे दिवसाची मजुरी बुडणे. म्हणून कोणत्या दिवशी जावे, सोबत कोण येईल, हेही ठरवावे लागते.

अखेरची पायरी शाळेत परतण्याची. बुडालेल्या पाठांची सवलतीने भरपाई, एखाद्या समजूतदार मित्राची सोबत आणि नियमित विचारपूस यांमुळे मुलाच्या खांद्यावरील राखणीचा भार मोठ्यांकडे जातो. समुपदेशनाचे यश मोजावयाचे तर ते येथे.

पालकांशी संवाद व गोपनीयता :

शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार पालकांशी नियमित बैठका घेणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. परंतु सकाळी अकराची पालकसभा ही शेतमजूर आईसाठी न झाल्यासारखीच. सायंकाळची वेळ किंवा आठवडी बाजाराचा, कामाच्या खाड्याचा दिवस निवडल्यास उपस्थितीत फरक पडतो. सभेत मुलाची तक्रार सर्वांसमक्ष वाचली गेल्यास पालक पुन्हा फिरकत नाहीत, हेही ध्यानात घ्यावयास हवे.

गावात गोपनीयता राखणे कठीण असते. ‘मानसोपचार’ या शब्दासोबत ‘वेड’ हा शब्द आपोआप येतो आणि विशेषतः मुलींच्या बाबतीत त्याची धास्ती पुढील सोयरिकीपर्यंत पोहोचते. म्हणून भेटीचे निमित्त अभ्यासाचे असावे आणि नोंदी वर्गशिक्षकाच्या टेबलावर पडून राहू नयेत. मात्र गोपनीयतेलाही मर्यादा आहे. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण अधिनियम, २०१२ च्या कलम १९ नुसार अशा अपराधाची माहिती पोलिसांना देणे बंधनकारक आहे. ‘कोणालाच सांगणार नाही’ असे वचन समुपदेशकाने कधीही देऊ नये. ‘तुझ्या सुरक्षिततेसाठी आवश्यक तेवढ्यांनाच सांगेन’ असे सांगावे.

व्यवस्थेची वाटचाल व उणीव :

कोठारी आयोगाने (१९६४-६६) माध्यमिक शाळांसाठी दर दहा शाळांमागे एक फिरता समुपदेशक सुचविला होता. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात उच्च प्राथमिक शाळांसाठी कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांच्या अंशकालीन निदेशकांची तरतूद झाली. समुपदेशकाची झाली नाही. २०२० च्या शालेय आरोग्य कार्यक्रमाने प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांवर आरोग्यदूताची जबाबदारी दिली. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शाळासमूहाशी जोडलेले समुपदेशक वा समाजकार्यकर्ते यांचा उल्लेख आला.

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार १०० वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावयाचा आहे. त्याहून लहान संस्थांनी बाहेरील तज्ज्ञांशी औपचारिक संदर्भसेवा जोडावयाची आहे. ग्रामीण तालुक्यांसाठी या निर्णयाचा दुसरा भागच अधिक महत्त्वाचा ठरतो. कारण खेड्यातील पटसंख्या बहुधा शंभराच्या आत असते. ही जोडणी केवळ एका पत्राने पूर्ण झाली, असे मानण्याचा धोका मोठा आहे. वर दिलेल्या उदाहरणातील मुलगा पत्रव्यवहाराने शाळेत परतणार नाही. त्यासाठी त्याच्या घराचा उंबरठा ओलांडणारी व्यक्ती लागते.

सूचना व निष्कर्ष :

१) केंद्रशाळेच्या स्तरावर एक प्रशिक्षित समुपदेशक असावा आणि त्याने परिसरातील लहान शाळांना ठरलेल्या दिवशी भेट द्यावी.

२) शाळा व्यवस्थापन समिती आणि २०२२ मध्ये शासनाने निर्देशित केलेली सखी सावित्री समिती यांच्या बैठकांत गैरहजेरीची कारणे चर्चिली जावीत; मुलांची नावे मात्र उघड होऊ नयेत.

३) एकल पालकांच्या वा निराधार मुलांसाठी बालसंगोपन योजना उपलब्ध आहे. २०२३ मध्ये तिची रक्कम दरमहा २२५० रुपये करण्यात आली. अर्ज भरण्यास साहाय्य करणे हाही समुपदेशनाचाच भाग मानावा.

४) वरिष्ठ महाविद्यालयांतील मानसशास्त्र, समाजशास्त्र व गृहअर्थशास्त्र विभागांनी परिसरातील शिक्षकांसाठी ऐकण्याच्या कौशल्याचे वर्ग घ्यावेत. सर्वोच्च न्यायालयाने वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षणाची अपेक्षा व्यक्त केली आहेच. प्राध्यापकांनी यात स्वतःहून पुढाकार घेणे इष्ट ठरेल.

समुपदेशक हा शाळेतील आणखी एक कर्मचारी नव्हे, तर शाळा, घर आणि सेवा यांना जोडणारा दुवा होय. मोठ्या शाळेत तो पद म्हणून येईल. लहान शाळेत तो कोणाच्या रूपाने येणार, हे ठरविल्याशिवाय सर्वाधिक गरज असलेली मुले व्यवस्थेच्या बाहेरच राहतील.