कागदावर उठलेली नक्षी

शिक्क्याने उमटवलेले फूल बोटांनाही जाणवावे, यासाठी नुसती शाई पुरत नाही. नक्षीला उठाव हवा. हाताने केलेल्या शुभेच्छापत्रांवर तो मुख्यतः दोन प्रकारे आणतात.

पहिला प्रकार उष्णतेचा. सावकाश वाळणाऱ्या पिगमेंट शाईने शिक्का मारायचा आणि ती ओली असतानाच तिच्यावर एम्बॉसिंग पावडर भुरभुरायची. ही पावडर म्हणजे उष्णतेने वितळणाऱ्या रेझिनचे बारीक कण. जादा पावडर झटकून पुन्हा बाटलीत भरता येते. मग हीट गनची गरम हवा दिली, की कण वितळून एकजीव होतात आणि रेषा फुगीर, चकचकीत होते. केस वाळवण्याच्या यंत्राने हे साधत नाही. त्याची हवा पुरेशी गरम नसते आणि झोताने पावडर उडून जाते. पारदर्शक पावडरीखाली शाईचा रंग दिसतो, तर गडद कागदावर पांढरी किंवा सोनेरी पावडर खुलते. लग्नपत्रिकांवरची थर्मोग्राफी छपाईही याच तत्त्वावर चालते.

दुसऱ्या प्रकारात शाई नाही, उष्णताही नाही. धातूची स्टेन्सिल प्रकाशपेटीवर ठेवून तिच्यावर कागद पालथा घालतात आणि गोल टोकाच्या सळईने नक्षीच्या कडा दाबत नेतात. कागदावर आधी मेणकागद घासला, तर सळई अडखळत नाही.