गल्ल्यावरचा जुना कळफलक: ओळख आणि पुनर्वापर

मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात फिरताना कधी कधी एक वेगळाच कळफलक दृष्टीस पडतो. अक्षरांच्या नेहमीच्या ओळी नाहीत, आकडे उजव्या कोपऱ्यात, काही कळा दुप्पट रुंद आणि बाजूला चक्क किल्ली फिरवण्याची सोय. पारदर्शक टोपणांखालच्या चिठ्ठ्यांवर अजून 'चहा' किंवा 'सूट' असे शब्द वाचता येतात. एखाद्या उपाहारगृहाच्या गल्ल्यावर वर्षानुवर्षे राबलेला हा कळफलक. यंत्र बदलले आणि तो वजनावर भंगारात निघाला. वास्तविक, दिवसभर बडवून घेण्यासाठीच घडवलेल्या या वस्तूत बरेच आयुष्य शिल्लक असते. प्रश्न एवढाच, की आणल्यावर तिचे करायचे काय?

अविश्वासातून जन्म

रोकड नोंदवणाऱ्या यंत्राचा जन्म अविश्वासातून झाला. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या डेटन शहरात जेम्स रिटी या मद्यगृहाच्या मालकाला नोकर गल्ल्यातील पैसे खिशात घालतात असा संशय होता. त्याने भावाच्या साह्याने यंत्र तयार करून १८७९ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. पुढे १८८४ मध्ये उभ्या राहिलेल्या जॉन पॅटरसन यांच्या 'नॅशनल कॅश रजिस्टर' कंपनीने हे यंत्र जगभर नेले. कळफलकावरची किल्ली हा त्याच संशयाचा वारसा होय. किल्लीच्या 'एक्स' या स्थानावर दिवसाची बेरीज केवळ वाचता येते, तर 'झेड' या स्थानावर ती छापून शून्यावर आणली जाते. म्हणूनच 'झेड'ची किल्ली बहुधा मालकाकडे असे.

ओळख पटवताना

सर्वप्रथम कळफलक उलटा करून खालची चिकटपट्टी पाहावी. निर्मात्याचे नाव, नमुना क्रमांक आणि विजेचा दाब तेथे लिहिलेला असतो. त्यानंतर पाहावे ते तारेचे टोक.

टोक यूएसबीचे असेल तर काम सोपे. बहुतेक वेळा तो थेट संगणकाला जोडता येतो. सहा टाचण्यांचे लहान गोल टोक म्हणजे पीएस/२ पद्धत, तर पाच टाचण्यांचे मोठे गोल टोक त्याहूनही जुने. पीएस/२ साठी बाजारात दोन प्रकारचे जोड मिळतात. केवळ टोकाचा आकार बदलणारा स्वस्त जोड, कळफलकाला मुळातच यूएसबी समजत असेल तरच चालतो. अन्यथा आत चिप असलेला परिवर्तक घ्यावा लागतो. तसेच पीएस/२ कळफलक संगणक चालू असताना जोडू वा काढू नये.

खरा धोका आहे तो टेलिफोनच्या किंवा नेटवर्कच्या टोकासारख्या दिसणाऱ्या चौकोनी टोकात. प्रत्येक निर्मात्याने त्यातील तारांची मांडणी आपापल्या सोयीने केलेली असते. ते संगणकाच्या नेटवर्कच्या खोबणीत बसते म्हणून तेथे घालणे म्हणजे संगणक पणाला लावणे. शिवाय गल्ल्याच्या यंत्रात छपाईसाठी २४ व्होल्टसारखा दाब असू शकतो, तर यूएसबीचा दाब अवघा ५ व्होल्टचा. मूळ यंत्रही सोबत मिळाले असेल, तर विजेची तार भिंतीतून काढल्याशिवाय ते उघडू नये.

तारांचे जाळे

कित्येकदा कळफलकाला टोक नसतेच. यंत्रातून कापून काढलेली तारांची रुंद पट्टी तेवढी लोंबत असते. याचा अर्थ कळफलकाला स्वतःचा मेंदू नाही, आहे ते केवळ कळांचे जाळे. निराश होण्याचे कारण नाही. हे जाळे उभ्या-आडव्या ओळींचे असते आणि प्रत्येक कळ एका उभ्या व एका आडव्या तारेच्या छेदावर बसते. त्यामुळे ६४ कळांना ६४ वेगळ्या तारा लागत नाहीत. आठ उभ्या आणि आठ आडव्या अशा १६ तारांत काम भागते.

हे जाळे उलगडण्यासाठी मल्टिमीटर पुरेसा आहे. तारांना क्रमांक द्यावेत, एक कळ दाबून धरावी आणि कोणत्या दोन तारा जुळतात ते शोधून कागदावर मांडावे. १६ तारांच्या १२० जोड्या होतात, त्यामुळे पहिल्या कळेला वेळ लागतो. पण शेजारच्या कळांची एक तार बहुधा सामाईक असल्याने पुढे काम भराभर सरकते. दोन खबरदाऱ्या मात्र घ्याव्यात. कळेला डायोड जोडलेला असेल तर वीज एकाच दिशेने जाते, म्हणून मीटर डायोडच्या स्थानावर ठेवून टोके उलटसुलट करून पाहावीत. कळफलक प्लास्टिकच्या पातळ पटलाचा असेल तर शाईच्या रेषांना रोध असतो आणि मीटर वाजत नाही. तेथे ओहमचे माप पाहावे. अशा पटलाच्या शेपटीला गरम डाख देऊ नये, ती वितळते. तिच्यासाठी योग्य मापाचा कनेक्टर घ्यावा.

नवा मेंदू

आता या जाळ्याला मेंदू हवा. 'एटीमेगा ३२यू४' ही चिप असलेला आर्डुइनो प्रकारचा छोटा बोर्ड त्यासाठी सोयीचा, कारण तो यूएसबीवरून संगणकाला थेट कळफलक म्हणूनच भासतो. 'प्रो मायक्रो' या बोर्डाला १८ वापरता येण्याजोगी टोके असतात, म्हणजे आपल्या १६ तारा त्यात सहज मावतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत असे सुटे भाग शोधता येतात. कळांचा नकाशा भरण्यासाठी 'क्यूएमके' हे मुक्त सॉफ्टवेअर विनामूल्य उपलब्ध आहे.

जाळ्यात डायोड नसतील तर एक मर्यादा लक्षात ठेवावी. चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवरील कळा एकदम दाबल्या, तर न दाबलेली चौथी कळही दाबल्यासारखी भासते. एका वेळी एकच कळ दाबायची असेल तर यामुळे अडत नाही.

उपयोग काय?

एफ१३ ते एफ२४ या कळा प्रमाणित यादीत आहेत, मात्र नेहमीच्या कळफलकावर त्या आढळत नाहीत. जुन्या कळांना हे संकेत दिले की रोजच्या कामातील आज्ञांशी त्यांचा गोंधळ होत नाही. हिशेबनीसाला ठरावीक शेरे, ध्वनिसंकलकाला कापणे-जोडणे, दुकानदाराला नेहमीचा माल, सारे एका बोटावर येते. मराठी टंकलेखनालाही याचा लाभ होतो. इन्स्क्रिप्ट पद्धतीत क, हलंत आणि ष अशा तीन कळांनी उमटणारा 'क्ष' एका कळेत बसवता येतो. अट एकच: कळफलक अक्षर नव्हे तर कळेचा क्रमांक पाठवतो, म्हणून संगणकावर मराठी इन्स्क्रिप्ट चालू असले पाहिजे. बोटे थरथरणाऱ्या ज्येष्ठांना किंवा हाताची हालचाल मर्यादित असलेल्या व्यक्तीला तर दुप्पट रुंद कळांवर 'फोन', 'मोठे अक्षर', 'थांबा' अशा चिठ्ठ्या लावून दिल्या, तर संगणक खऱ्या अर्थाने हाताशी येतो.

प्रत्येक कळफलक वाचेलच असे नाही. पण न वाचलेलाही घरच्या कचऱ्यात टाकू नये. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियमांनुसार अशा कचऱ्याचा पुनर्वापर नोंदणीकृत केंद्रातच व्हायला हवा. उघड्यावर तारा जाळून तांबे काढणाऱ्याच्या छातीत त्याचा धूर जातो, हे विकताना आठवावे. तत्पूर्वी मात्र तो एकदा उलटा करून खालची चिकटपट्टी वाचायला हरकत नाही.