घडीचा चाकू पारखताना

भटकंतीसाठी घडीचा चाकू घेताना धार शेवटी बघावी. ती घरीही लावता येते. आधी बघायचा तो खटका. पाते उघडून अडकवले की त्याच्या बोथट पाठीवर दाब देऊन पाहा. ते जरा जरी मिटू लागले, तर चाकू परत ठेवून द्या, कारण मिटणारे पाते थेट बोटांवर येते.

फ्रान्सच्या साव्हुआ भागातला ओपिनेल चाकू या परीक्षेला उतरतो. जोसेफ ओपिनेलने तो १८९० मध्ये घडवला. पात्याच्या बुडाशी फिरणारे कडे मात्र १९५५ मधले. कडे फिरवले की पात्याची परतीची वाट बंद. आठ नंबरच्या ओपिनेलचे पाते साडेआठ सेंटिमीटरचे आणि पातळ. दोरी, कांदा, काकडी सुरेख कापते. त्याने डबा उचकटू नये, टोक मोडेल.

खरी कटकट मुठीची. बीचचे लाकूड ओल धरून फुगते आणि पाते खाचेत आवळले जाते. सह्याद्रीतल्या पावसात मग नखाने कितीही ओढा, हलत नाही! साव्हुआतली जुनी युक्ती अशी : कडे मोकळे करून मुठीचे बूड कठीण जागी ठोकायचे, पाते थोडे वर येते.

पाते कार्बन पोलादाचे असेल तर धार झटकन लागते, पण लिंबू कापून तसेच ठेवले तर डाग पडतात, दमट हवेत गंजही चढतो. आपल्याकडच्या पावसाळ्यासाठी माझे मत स्टेनलेसला. विमानाने जाणार असाल तर चाकू हातातल्या बॅगेत नको, चेक-इनच्या सामानात टाका.