मासळीचं ऑनलाइन दुकान बांधताना

सध्या जेटीवर दोन माणसं भेटली की वेबसाईटचा विषय निघतोच. दलाल दर पाडतो, मग थेट गिऱ्हाइकालाच का विकू नये, असं बोटमालक विचारतात. सुकी मासळी करणाऱ्या बायकांचं म्हणणं वेगळं. पुरुमेंताच्या दिवसांत फोनवर फोन येतात, कुणी किती सांगितलं ते वहीत राहतं, वही भिजते, आणि शेवटी एकाचं पाकीट दुसऱ्याला जातं. दोघांचंही खरं आहे. पण वेबसाईट केली की गिऱ्हाईक आपोआप येतं असं काही नाही. म्हणून असं दुकान आतून कसं चालतं, कुठे अडतं आणि पैसे कुठे गळतात, ते जरा सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे, सुरुवात सुक्या मासळीने करा. खारे बांगडे, सुके बोंबील, सुकट, गोलमो. कडक वाळवून नीट बांधलेलं पाकीट कुरिअरच्या गोदामात दोन दिवस जास्त पडलं तरी काही बिघडत नाही. ताज्या मासळीला आपल्या हवेत किलोमागे किलोभर बर्फ लागतो, डबा लागतो, आणि माल त्याच दिवशी पोचवावा लागतो. एक गाडी पंक्चर झाली की सगळी पेटी फुकट. सुक्या मालावर सहा महिने हात बसू द्या, ऑर्डर घेणं, बांधणं, पाठवणं, तक्रार निस्तरणं अंगवळणी पडू द्या, मग ताज्याकडे वळा. काही जणांना हे पटणार नाही, कारण पैसा ताज्यात दिसतो. पण नुकसानही ताज्यातच आहे.

ताजी मासळी विकताना दुसरी अडचण येते, ती कपडे विकणाऱ्याला कधीच येत नाही. त्याच्याकडे पन्नास सदरे असतात, तो पन्नास लिहितो. आपली होडी परत येईपर्यंत आपल्याला काय माहीत? त्यामुळे ताज्या मालाचं पान रोज उघडायचं आणि रोज बंद करायचं. होडी लागली, वजन झालं, की जेटीवरच्या एका माणसाने फोनवरून भरायचं: विसवण 18 किलो, बांगडा 40 किलो, आजचा दर अमुक. त्यानंतर हिशोब वेबसाईट ठेवते. कुणी दोन किलो घेतली की 16 उरतात, शून्य झालं की "आजची संपली" असं आपोआप दिसतं. यात एक बारीक खोच आहे. गिऱ्हाइकाने माल टोपलीत घातला पण पैसे अजून दिले नाहीत, तोवर तो माल कुणाचा? नीट बांधलेलं दुकान तेवढा माल दहा-पंधरा मिनिटं राखून ठेवतं आणि पैसे आले नाहीत तर परत मोकळा सोडतं. वेबसाईट करून देणाऱ्याला हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारा. त्याला उत्तर सुचलं नाही तर शेवटचा एक किलो दोघांना विकला जाणार, हे नक्की समजा.

आता नावांचा घोळ. आपल्याकडे जी विसवण किंवा इसवण, तीच मुंबईकराची सुरमई आणि हॉटेलवाल्याची किंगफिश. आपली मोरी म्हणजे त्यांची मुशी. सुंगटं म्हणजे कोळंबी, आणि हिंदी बोलणाऱ्याचा झिंगा. आपली मुड्डोशी कारवारकडच्या माणसाला काणे म्हणून माहीत. बेळगावातलं गिऱ्हाईक "सुरमई" शोधत आलं आणि आपल्या पानावर नुसतं "विसवण" लिहिलेलं असलं, तर माल समोर असूनही त्याला सापडणार नाही. ते परत जाईल, आणि ते आलं होतं हे आपल्याला कळणारही नाही. म्हणून प्रत्येक मासळीला एक मुख्य नाव द्या आणि बाकीची सगळी नावं शोधासाठी मागे जोडून ठेवा, मराठी, कोंकणी, हिंदी, इंग्रजी, अगदी चुकीच्या स्पेलिंगसकट. हे काम कॉम्प्युटरवाल्याला जमणार नाही. ते बाजारात बसणाऱ्या बाईलाच जमतं. तिच्याशेजारी बसून एका दुपारी यादी करून टाका.

वजनाचंही तसंच. बाजारात वाटा डोळ्यांना दिसतो, हात लावून बघता येतो. फोनवर तसं नाही. "बांगडा, 1 किलो" एवढ्यावर घरची बाई समाधानी होत नाही, तिला नग हवे असतात. किलोत सहा बसतात की दहा, यावर ती कालवण करायचं की तळायचं ते ठरवते. साफ करून देणार असाल तर साफ करण्याआधीचं वजन आणि नंतरचं वजन, दोन्ही लिहा. सुंगटं सोलली, डोकी काढली की साधारण निम्म्याच्या आसपासच मांस हाती येतं. हे आधी लिहिलेलं नसलं तर गिऱ्हाईक घरच्या काट्यावर अर्धा किलो बघून "फसवलं" म्हणणार, आणि त्याच्या जागी आपण असतो तर आपणही तेच म्हटलं असतं.

फोटो आपलेच हवेत, आणि आपल्याच मालाचे. इंटरनेटवरून उचललेली चकचकीत विसवण लावली तर पहिली ऑर्डर येईल, दुसरी येणार नाही. सकाळच्या उजेडात, साध्या ताटात, शेजारी अंदाज यावा म्हणून लिंबू किंवा नाणं ठेवून फोनवर काढलेला फोटो पुरतो. मात्र तो जसाच्या तसा चढवू नका. हल्लीच्या फोनचा एक फोटो सहज चार एमबीचा असतो. पानावर असे वीस टाकले की 80 एमबी झाले. गिऱ्हाइकाच्या फोनला सेकंदाला एक एमबी मिळत असेल तर सगळं पान उघडायला 80 सेकंद लागतील. एवढा वेळ कोण थांबतंय? तोच फोटो लहान करून, वेबपी नावाच्या प्रकारात साठवला की शंभर-दीडशे केबीत बसतो आणि फोनच्या पडद्यावर फरक कळतही नाही. दुकान सावकाश चालण्याचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं, पण लोक होस्टिंग महाग घेतात आणि फोटो तसेच ठेवतात.

सगळ्यात जास्त गिऱ्हाईक मात्र गल्ल्यावर गळतं. डेन्मार्कमधल्या बेमार्ड इन्स्टिट्यूट या संस्थेने अनेक पाहण्या एकत्र करून दाखवलंय की ऑनलाइन टोपलीत माल घातलेल्या दर दहा जणांतले साधारण सात जण पैसे न देताच निघून जातात. काही जण नुसते बघायला आलेले असतात, ते सोडून द्या. बाकीच्यांच्या नेहमीच्या तक्रारींत शेवटी अचानक वाढलेला खर्च आणि खातं उघडण्याची सक्ती या असतातच. या सक्तीची एक गोष्ट त्या धंद्यात फार सांगितली जाते. जॅरेड स्पूल नावाच्या तज्ज्ञाने 2009 मध्ये लिहिलेली आहे. एका मोठ्या दुकानाच्या वेबसाईटवर पैसे देण्याआधी "नोंदणी करा" असं बटण होतं. नवीन माणूस ते बघून चिडायचा, जुना माणूस पासवर्ड विसरलेला असायचा. त्यांनी ते बटण काढून साधं "पुढे चला" ठेवलं आणि खाली लिहिलं की खरेदीसाठी खातं उघडायची गरज नाही. स्पूलच्या म्हणण्याप्रमाणे खरेदी करणारे 45 टक्क्यांनी वाढले आणि पहिल्या वर्षात 30 कोटी डॉलरची जादा विक्री झाली. आपलं दुकान त्या मापाचं नाही, पण आपल्या गिऱ्हाइकालाही पासवर्डचा तेवढाच कंटाळा आहे. नाव, फोन नंबर, पत्ता, बस.

खर्चाचं म्हणाल तर पोचवण्याचे पैसे पहिल्याच पानावर सांगा. आत शिरल्याबरोबर पिनकोड विचारा. 403 ने सुरू होणारा असला तर गोवा, 590 असला तर बेळगावकडचा, त्याप्रमाणे दर आणि दिवस लगेच दाखवा. जिथे पोचवत नाही तिथल्या माणसाला तेव्हाच तसं सांगा. सगळा पत्ता भरून झाल्यावर नाही म्हणणं म्हणजे पंगतीत बसवून उठवणं. आणि पत्त्याच्या चौकटीखाली "जवळची खूण" असा वेगळा रकाना हवाच. आपल्या वाड्यांतून घर नंबरावर सापडत नाही, देवळामागे, खुरसाजवळ, वडाच्या पुढे असंच सापडतं. फोनवरून लोकेशन पाठवायची सोय दिली तर आणखी बरं.

आता पैसे. आपल्यातले पुष्कळ जण म्हणतील, क्यूआर कोड लावा आणि स्क्रीनशॉट मागवा. दिवसाला पाच ऑर्डरी असेपर्यंत हे चालतं. पुढे त्यातल्या बनावट स्क्रीनशॉटचा भुर्दंड बसतो, कारण तसली चित्रं तयार करणं आता पोरखेळ झालाय. दुकानाला पेमेंट गेटवे जोडला तर बँकेकडून पैसे आल्याची खबर गेटवेचा सर्व्हर थेट आपल्या दुकानाला देतो, गिऱ्हाइकाच्या फोनवर काय दिसतंय त्याचा संबंध राहत नाही. हा दुवा नीट जोडलाय की नाही ते स्वतः तपासून घ्या. पैसे भरा आणि "यशस्वी" असं दिसायच्या आत फोनची रेंज बंद करा. थोड्या वेळाने ऑर्डर दुकानात नोंदलेली दिसली तर काम पक्कं आहे. दिसली नाही तर रेंज गेलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाशी आपलं भांडण ठरलेलं.

गेटवे फुकट नसतो. साधारण दोन टक्के आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे हजारामागे 23 रुपये 60 पैसे. पैसेही एक-दोन दिवसांनी खात्यात येतात, हे बर्फवाल्याला आणि डिझेलवाल्याला द्यायच्या हिशोबात धरा. घरपोच रोख देण्याची सोय सुक्या मालाला ठेवली तरी चालेल. ताज्या मालाला ठेवू नका. दारात नाकारलेली ताजी मासळी पुन्हा विकता येत नाही.

कायद्याचं थोडक्यात. एफएसएसएआयचा 14 आकडी नंबर दुकानावर आणि पाकिटावर दिसला पाहिजे. पाकिटावर निव्वळ वजन, किंमत, बांधल्याची तारीख हवी. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे विकणाऱ्याचं नाव-पत्ता आणि तक्रार घेणाऱ्या माणसाचं नाव द्यावं लागतं. तक्रार आल्याचं 48 तासांत कळवायचं आणि महिन्याभरात ती सोडवायची. आधीच टिक केलेली चौकट ठेवून काही गळ्यात मारता येत नाही. "फक्त दोनच पाकिटं उरली" अशी खोटी घाई करणं, टोपलीत न मागितलेला मसाला घालणं, हे प्रकार सरकारने 2023 च्या मार्गदर्शक सूचनांत नावानिशी मना केलेत. ताज्या मासळीला जीएसटी नाही, पण लेबल लावून पाकीटबंद केलेल्या सुक्या मालाचं गणित वेगळं आहे. ते सीएकडून आधीच लिहून घ्या.

बांधायचं कशावर? दोन वाटा आहेत. शॉपिफायसारखं तयार दुकान भाड्याने घ्यायचं, म्हणजे महिन्याला पैसे जातात पण डागडुजी त्यांची. नाहीतर वर्डप्रेसवर वूकॉमर्स बसवायचं. ते सॉफ्टवेअर फुकट आहे, होस्टिंगचं वर्षाचं भाडं भरावं लागतं, आणि अपडेट करणं, बिघडलं तर बघणं आपल्याकडे येतं. संस्थेत मन लावून हे बघणारं एखादं पोर असेल तर दुसरी वाट स्वस्त पडते. नसेल तर भाडं भरा आणि सुखाने झोपा. वाट कुठलीही धरा, डोमेनचं नाव संस्थेच्या नावावर आणि संस्थेच्याच ईमेलवर घ्या. वेबसाईट करून देणाऱ्याच्या खात्यावर डोमेन राहिलं आणि उद्या त्याच्याशी बिनसलं, तर पाकिटांवर छापलेला पत्ता त्याच्या हातात राहतो. होडीचे कागद आपण खलाशाच्या नावावर करतो का?

दुकान बघणारा माणूसही ठरवा. पहाटे दर भरणारा एक, दुपारी पाकिटं बांधणाऱ्या बायका, संध्याकाळी तक्रारींचा फोन उचलणारा एक. या तिघांचा मोबदला मालाच्या दरात धरला नाही तर दोन महिन्यांत सगळे थकतात आणि पानावर मागच्या आठवड्याचे दर लटकत राहतात. शिळा दर बघितला की माल शिळा असणार असं गिऱ्हाईक धरून चालतं.

शेवटी बंदीचे दिवस. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्या बंद, तेव्हा दुकानाला टाळं लावायची गरज नाही. ताज्या मालाच्या जागी "नवी मासळी ऑगस्टपासून" असं लिहा आणि खाली फोन नंबर घ्यायची चौकट ठेवा, पहिली होडी लागली की त्या सगळ्यांना एकदम निरोप जाईल. पूर्व किनाऱ्याची बंदी 15 एप्रिल ते 14 जून असते, म्हणजे जूनच्या मध्यापासून तिकडची मासळी इकडे येऊ शकते. ती विकायची असेल तर पानावर स्पष्ट लिहा की ही बाहेरची, बर्फातली, अमुक दिवशी आलेली. 2018 च्या जुलैत फॉर्मेलिनवरून गोव्यात केवढा गदारोळ झाला आणि बाहेरची मासळी आणणं काही काळ बंद झालं, ते लोक विसरलेले नाहीत. आणि सुक्या मालाची पानं मार्चअखेर तयार ठेवा. पुरुमेंताची खरेदी एप्रिल-मे मध्ये होते. तेव्हा फोटो काढायला आणि गेटवेचे कागद भरायला बसलो तर पाऊस येईल आणि माल घरातच राहील.